मेरिट घसरलं, असं आम्हाला सांगितलं

प्रिय ओजस आणि सई,

विनय लष्करी अकॅडमीच्या शेवटच्या टर्मला होता, तेव्हा माझी बदली उत्तरेच्या डोंगरातल्या एका लष्करी हॉस्पिटलला झाली. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कॅप्टन होते. विनय माझा धाकटा भाऊ, तुमच्या आईचा मामा. तुम्ही त्याला फक्त फोटोत पाहिलं आहे.

हे मी इथे आखातात, अल हैलला समीरमामाच्या घरी बसून लिहिते आहे. कशासाठी, ते ओजसने ओळखलं असेल. सईसाठी सांगते. ओजसला सैन्यातली कुठली शाखा हवी, ते महिनाअखेर अकॅडमीत लिहून द्यायचं आहे. आईला त्याने सिग्नल्स सांगितलं आहे. लिहून देणार आहे इन्फंट्री. गेल्या गुरुवारी व्हिडिओ कॉलवर त्याने मला हे सांगितलं आणि वर म्हणाला, "आजी, मम्माला इतक्यात बोलू नकोस ना. मिळाल्यावर मीच सांगेन." मी हो म्हणाले नाही. विषय बदलला. का, ते नीट कळावं म्हणून आधी नोकरीतली एक गोष्ट सांगते.

माझे वडील इन्फंट्रीत सुभेदार होते. एकाहत्तरच्या युद्धात ते गेले. विनय तेव्हा पहिलीत होता. आईने मिरजेला राहून आम्हाला वाढवलं. मला बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये ठेवलं, मग नर्सिंगला जाऊ दिलं. माझं लग्न वडिलांच्याच पलटणीतल्या एका ऑफिसरशी झालं, म्हणजे तुमच्या आबांशी. ह्याला आईची हरकत नव्हती. विनयने मात्र फौजेत जायचं म्हटलं, तेव्हा ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने एक अट घातली. फौजेत जा, पण इन्फंट्री नको. एक माणूस दिला, दुसरा देणार नाही. विनय बरं म्हणाला.

मी उत्तरेला निघण्याच्या थोडं आधी आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. खडे झाले होते. केसपेपरवर तिचं नाव, सुशीला घोरपडे, मीच लिहिलं. मी विनयला कळवलं आणि तो रजा घेऊन मिरजेला आला. त्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून त्याने मला विचारलं, "ताई, कुठली ब्रँच घेऊ?"

मी नर्स. प्रत्येक शाखा माझ्यासमोर स्ट्रेचरवर आलेली. मी त्याला तसंच सांगितलं. इंजिनियर्सचे लोक सुरुंग काढताना हात आणि पाय घालवून येतात. रणगाड्यावाले भाजून येतात. तोफखान्यातल्या जुन्या माणसांशी ओरडून बोलावं लागतं. सप्लायचे ड्रायव्हर डोंगरातल्या रस्त्यावर गाडी घसरून पाठीचा कणा मोडून घेतात. सिग्नल्सची पोरं बर्फात केबल टाकताना बोटं गोठवून घेतात. इन्फंट्रीचे लोक ह्या सगळ्यासाठी येतात, आणि शिवाय गोळी लागून येतात. ऑर्डनन्सचे साठे सांभाळणारे ऑफिसर माझ्याकडे बहुतेक वेळा ॲसिडिटी घेऊन आले.

"ताई, तू ब्रँच सांगतेयस की वॉर्डचा राउंड घेतेयस?" विनय म्हणाला.

"तू विचारलंस म्हणून सांगितलं."

"मग ॲसिडिटी घेतो."

आत खोलीत जाऊन त्याने आईला ऑर्डनन्स असं सांगितलं. आईने ते काय असतं विचारलं. तो म्हणाला, कोठार असतं, आणि किल्ल्या माझ्याकडे असतात. आई टाक्यांवर हात ठेवून हसली. मग तिने त्याचा हात धरला आणि नक्की का, असं पुन्हा विचारलं. तो नक्की म्हणाला. मी दारात उभी होते. तुमचे आबा त्या वेळी त्याच अकॅडमीत इन्स्ट्रक्टर होते. आई मला म्हणाली, दाजी आहेत ना तिथे, मग काळजी नाही.

शाखा कशा ठरतात, हे तेव्हा मला जुजबी माहीत होतं. प्रत्येक कॅडेट पसंतीक्रम देतो. मेरिटप्रमाणे जागा वाटतात. एका शाखेच्या जागा संपल्या की खालच्याला पुढची पसंती मिळते. आमच्या नर्सिंग सर्व्हिसमध्ये असं काही नसतं, त्यामुळे ह्यापलीकडे मी कधी विचारलं नाही.

टर्म संपत आली तेव्हा आबांचा उत्तरेला ट्रंक कॉल आला. लाइन खराब होती. आबा म्हणाले, "ऑर्डनन्स नाही मिळालं. मधे रजेवर गेला, त्यात मेरिट घसरलं. जागा संपल्या. इन्फंट्री मिळाली आहे." मी कुठली पलटण विचारलं. आबा म्हणाले, "आमचीच. योगायोग."

आईला मी कळवलं. तिने विनयला दोष दिला नाही, आबांनाही नाही. ती म्हणाली, माझ्या खड्यांपायी पोराचं मेरिट गेलं. मी तिला पुष्कळ समजावलं. पण रजा घ्यायला त्याला मीच कळवलं होतं, त्यामुळे माझ्या समजावण्यात जोर नव्हता.

वर्षभराने विनयची पलटण आमच्याच सेक्टरमध्ये आली. हॉस्पिटल पत्र्याच्या बराकींचं होतं. सकाळी बुखारी, म्हणजे तिथल्या शेगड्या, पेटवायच्या, ड्रेसिंग्ज करायची, दुपारी ऑपरेशन थिएटर, संध्याकाळी खाली पाठवायच्या पेशंटची तयारी. निम्मा वॉर्ड हिमदंशाचा. बोटं वाचली तर पेशंटही बोलका होतो आणि आपणही. वरच्या चौक्यांवर रेडिओ होता. तिथल्या डॉक्टरला अडचण आली की तो सेटवरून आमच्या सर्जनला विचारायचा. सर्जन थिएटरमध्ये असला की सेटवर सिस्टर बसायची, निरोप आत न्यायची आणि उत्तर बाहेर आणायची. हे आमचं रोजचं काम होतं.

विनय मला दोनदा भेटून गेला. वजन कमी झालं होतं, चेहरा रापला होता. त्याच्यासोबत नायक सावंत नावाचा एक वयाने मोठा माणूस असायचा. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, साहेब चांगला आहे. जेवायला सगळ्यांच्या मागे बसतो." विनय नाराज दिसला नाही. नशिबाने मिळालेलं त्याने मनापासून स्वीकारलं, असं मला वाटलं. मी त्याचं कौतुकही केलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चहा संपवला.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे, त्या दिवशी सकाळपासून ढग खाली उतरले होते. सर्जन मेजर कुरियन थिएटरमध्ये होते. सेटवर मी होते. न्याहारीनंतर थोड्याच वेळात वरचा डॉक्टर बोलू लागला. गस्तीवर गोळीबार झाला होता. दोघे जागीच गेले होते. एक जखमी चौकीपर्यंत आणला होता. सेटवर नाव घ्यायचं नाही, असा नियम.

"वन कॅज्युअल्टी. गनशॉट, ॲब्डोमेन. बीपी खाली येतंय. ओव्हर."

मी आत जाऊन मेजर कुरियनना सांगितलं. त्यांनी डोळे न उचलता दोन सलाइन, मॉर्फिन, पोट बांधा, काही प्यायला देऊ नका, असं सांगितलं. मी बाहेर येऊन तसंच बोलले. हेलिकॉप्टर विचारलं. खालून उत्तर आलं, "वेदर नॉट क्लिअर. स्टँडबाय."

असं दुपारपर्यंत चाललं. बीपी, सलाइन, स्टँडबाय. मी दर वेळी आत जात होते, बाहेर येत होते. माझ्या आवाजात काही फरक नव्हता, कारण तसं काही कारण नव्हतं. जखमी ऑफिसर आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

मग वरचा डॉक्टर थोडा थांबला. "पेशंट कॉन्शस. पूछ रहा है, नीचे सेट पे ताई है क्या. ओव्हर."

त्या सेक्टरमध्ये मला ताई म्हणणारा एकच माणूस होता.

मी बटण दाबलं आणि म्हणाले, "हाँ, ताई है. ओव्हर." प्रोसीजर पाठ होतं, म्हणून तेच बोलले. "कंटिन्यू फ्लुइड्स. कीप हिम वॉर्म. ओव्हर."

मी आत जाऊन मेजर कुरियनना सांगितलं, "सर, जखमी माझा भाऊ आहे." त्यांनी माझ्या जागी दुसरी सिस्टर पाठवायला सांगितलं. मी नको म्हणाले. विनयला सेटवर माझा आवाज हवा होता. मी परत येऊन बसले. त्यानंतर वरून फक्त एकदा निरोप आला. डॉक्टर म्हणाला, "पेशंट सेज, सॉरी बोलना. आईको भी. ओव्हर."

मला वाटलं, तो मरण्याबद्दल सॉरी म्हणतो आहे. इतकी वर्षं मी तसंच समजले.

ढग चार वाजता उघडले. हेलिकॉप्टर तिघांना घेऊन आलं. तिघांनाही मी स्वतः स्वच्छ केलं. मग आईला कळवायला खाली गेले.

आई त्यानंतर बारा-तेरा वर्षं जगली. तिचं आणि माझं ह्या विषयावर बोलणं नेहमी एकाच ठिकाणी येऊन थांबायचं. मी ऑपरेशन पुढे ढकललं असतं तर पोरगं कोठारात असतं, असं ती म्हणायची. एकदा तिच्या पोटात गाठ सापडली. काढण्यासारखी होती. सर्जनने ठीक होईल असं सांगितलं. आई नाही म्हणाली. "एकदा पोट उघडलं तर मुलगा गेला. आता उघडायचं नाही." मी विनवण्या केल्या, चिडले, नर्स म्हणून बोलले, मुलगी म्हणून बोलले. तुमचे आबा तिथेच खुर्चीवर बसले होते. ते खिडकीतून बाहेर बघत होते. मला वाटलं, त्यांना बघवत नाही. आठ महिन्यांत आई गेली.

आता गेल्या गुरुवारबद्दल. ओजस, तुला आठवत असेल, तू हसत म्हणालास, "आजी, माझा क्लेमच बसत नाही यार. बाबा सिव्हिलियन. आबा म्हणालेत की विचारून बघतो, आजोबांच्या युनिटवर चालतं का. विनयआजोबांचं बरं होतं. वडिलांची पलटण, सरळ क्लेम."

मी विचारलं, "कसला क्लेम?"

तू मला समजावून सांगितलंस. वडील ज्या पलटणीत होते, ती पलटण मुलगा हक्काने मागू शकतो. मग मेरिट लागत नाही, फक्त मागावं लागतं. न मागता कुणी आपल्या वडिलांच्या पलटणीत जाऊन पडत नाही. "आबांनीच तर सांगितलं मला. विनयआजोबांनी मागून घेतली होती. दॅट टेक्स गट्स, आजी."

तुझी काही चूक नाही. मला माहीत आहे असंच तुला वाटलं. मी पंचेचाळीस वर्षं फौजेतल्या माणसाबरोबर संसार केला, स्वतः लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झाले, आणि ही गोष्ट मला नातवाने सांगितली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. समीरची गाडी घेऊन आबा आणि मी नेहमीप्रमाणे अल मवालेहला भाजी घ्यायला गेलो. तिथे इक्बालभाई म्हणून दापोलीकडचे एक दुकानदार आहेत. तुमचे आबा कर्नल होते हे कळल्यापासून ते त्यांच्यासाठी फळं बाजूला काढून ठेवतात. आबा एक पपई दाबून बघत होते.

मी विचारलं, "अहो, विनयने क्लेम केला होता?"

त्यांनी पपई खाली ठेवली. "कुणी सांगितलं?"

"ओजसने."

"पोरगं फार बोलतं."

"केला होता का?"

"केला होता."

इक्बालभाई मधेच म्हणाले, "साहेब, बघताय काय, सलालाहची हाय. साखर हाय नुसती. बाईसाहेबांना विचारा, यल्ला."

आबांनी पपई घेतली, पैसे दिले, त्यांना सलाम केला. हे सगळं त्यांनी अगदी व्यवस्थित केलं. मी गाडीत जाऊन बसले. ते आले, एसी लावला, गाडी सुरू केली नाही.

"त्याने माझ्याकडून शब्द घेतला होता," आबा म्हणाले. "म्हणाला, दाजी, ताईला सांगाल तर ती आईला सांगेल. आई मला घरी घेऊन जाईल. मला बाबांची पलटण हवी आहे. मी ऑफिसर होतो, तो कॅडेट होता. शब्द दिला."

"शब्द त्याने आईलाही दिला होता."

"हो."

"आणि मेरिट? ते कुणी सुचवलं?"

आबांनी एसी कमी केला. "मी. काहीतरी सांगायला हवं होतं. ते पटण्यासारखं होतं."

पटण्यासारखं होतं, हे खरं आहे. आईला पुरेपूर पटलं.

मी म्हणाले, "आई ऑपरेशनला नाही म्हणाली, तेव्हा तुम्ही खुर्चीवर बसला होतात."

"बसलो होतो."

"विनय जाऊन तेव्हा किती वर्षं झाली होती. शब्द कुणाशी पाळत होतात?"

"तेव्हा सांगितलं असतं तर तू माझ्याबरोबर राहिली असतीस का?"

त्या खुर्चीवर बसून एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला आपलं घर, असा विचार त्यांनी केला होता, आणि ठरवलं होतं. मला विचारलं नव्हतं. आईला तर नाहीच. खिडकीबाहेर बघत होते ते ह्यासाठी. आम्ही घरी आलो. समीरने विचारलं, इतक्या लवकर कसे आलात. आबा म्हणाले, पपई चांगली मिळाली.

विनयवर मला राग आहे. गेलेल्या माणसावर, त्यातून शहिदावर, रागावू नये असं लोक समजतात. मी रागावले आहे. त्याने इन्फंट्री घेतली म्हणून नाही. तो चांगला प्लॅटून कमांडर होता, त्याची माणसं तसं सांगत. मी त्याच्यासमोर सगळ्या शाखा मांडल्या, तेव्हा त्याचं ठरलेलं होतं. तो मला हसवत होता आणि आत जाऊन आईचा हात धरून खोटं बोलत होता. सेटवरचं सॉरी कशाबद्दल होतं ते मला आता कळलं आहे. तेव्हा कळलं असतं, तर मी ते आईपर्यंत नीट पोहोचवलं असतं. कदाचित तिने पोट उघडू दिलं असतं. कदाचित नसतंही दिलं. पण ठरवायचा हक्क तिचा होता, आणि तो तिला कुणी दिला नाही.

तुमच्या आबांशी मी बोलते. चहा, औषधं, समीरचं ऑफिस, एवढं बोलते. पुढे काय ते मला अजून ठाऊक नाही. ठाऊक आहे असं तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही त्यांच्याशी पूर्वीसारखंच वागा. हे प्रकरण माझं आहे.

ओजस, तुझ्याबद्दल. सिग्नल्स घे, इन्फंट्री घे, ते तुझं काम. वॉर्डमधून मला जे दिसलं, ते वर लिहिलं आहे. त्यात एक शब्द बदलायचा नाही. पण लिहून देण्याआधी तुझ्या आईला, मुग्धाला, फोन कर आणि सांग. ती रडेल. ओरडेलही. ते ऐकून घे. ज्याला आईचं ओरडणं ऐकवत नाही, त्याने तीस माणसांची जबाबदारी मागू नये. मी शनिवारपर्यंत थांबते. तोवर तू बोलला नाहीस तर मी तिला फोन करणार आहे. हे तुला आधी सांगते आहे, पाठीमागून करत नाही.

आज विनयचा दिवस आहे. दरवर्षी ह्या दिवशी आंघोळी झाल्या की आम्ही दोघं हॉलमध्ये उभे राहतो आणि आबा त्या गस्तीवर गेलेल्यांची नावं घेतात. आज मी त्यांना म्हटलं की नावं मी घेईन. ते मागे सरले आणि सावधानमध्ये उभे राहिले. समीर कामावर निघाला होता, तोही बूट हातात घेऊन थांबला.

नायक बाबाजी सावंत. शिपाई मारुती जगदाळे. सेकंड लेफ्टनंट विनय घोरपडे.

आबांना वाटलं संपलं, आणि ते हलले. मी त्यांना थांबा म्हटलं. मग चौथं नाव घेतलं. सुशीला घोरपडे.

तुमची,
आजी